विचारा की! : हिरवागार पालक आणि त्यातलं कॅडमियम

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की कारखान्याच्या सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीत शिसं, कॅडमियम असे जड धातू येऊ शकतात. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की आख्खं सदर त्यातच भरलं. त्यामुळे गुलाबावरचा मावा, कुंडीतला कढीपत्ता वगैरे सगळं पुढच्या महिन्यात. सारखी पत्रं एकत्र केलीत, बाकी भाषा ज्याची त्याची.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरामागं ओढा आहे. वरनं कारखान्यांचं पाणी येतंय त्यात, कधी काळपट तर कधी पिवळसर. त्याच पाण्यावर एकजण पालक, मेथी, लाल माठ करालाय आणि काय सांगू, मंडईत मिळत नाही असला हिरवागार पालक! सासूबाई म्हणतात पाणी विषारी असतं तर रोपच जळलं असतं की, आपल्याला काय होतंय. त्यांना काय सांगू? (एक गृहिणी, हातकणंगले तालुका)

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी सांगा की प्रश्न एक नंबर विचारलाय, कारण शास्त्रज्ञ पण वर्षानुवर्षं ह्याच्याच मागं होते, की रोप मरत का नाही. तर रोप मरू नये म्हणून ते त्या विषाची पानात सोय लावून ठेवतं आणि आपण नेमकं तेच पान चिरून फोडणीला टाकतो.

जरा बैजवार सांगते. झाडाला जस्त, तांबं, लोह, मँगनीज हे धातू लागतातच, अगदी चिमूटभर पण लागतात, आणि ते ओढून घ्यायला मुळाच्या पेशींवर प्रथिनांची दारं असतात. ही दारं काही फार चोखंदळ नसतात. कॅडमियमचा आयन मापानं कॅल्शियमच्या जवळपासचा आणि वागायला जस्तासारखा, म्हणून तो लोहाच्या नाहीतर जस्ताच्या दारातनं सरळ आत येतो. आर्सेनिक अजून लबाड, ते आर्सेनेटच्या रूपात असलं की फॉस्फेट समजून झाड स्वतःच त्याला आत घेतं. शिशाचं मात्र निराळं आहे, ते मातीलाच घट्ट धरून बसतं, आत आलंच तरी मुळाच्या पेशीभित्तिकेत अडकतं आणि वर पानापर्यंत फार थोडं पोचतं.

आत आलेला कॅडमियम मोकळा राहिला तर धुमाकूळ घालतो. एन्झाइममधल्या गंधकाला चिकटून त्याचं काम बंद पाडतो, जस्ताची जागा बळकावतो, हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं त्यालासुद्धा हुसकावतो. म्हणून झाड त्याला मोकळं सोडतच नाही. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू कायम असतो, तीन अमिनो आम्लांचा, त्यातलं मधलं सिस्टीन म्हणजे गंधकवालं. कॅडमियम आला रे आला की एक एन्झाइम कामाला लागतं (ते एन्झाइम आधीपासून पेशीत बसूनच असतं, त्याला चालू करतो तो धातूच, म्हणजे चोरानंच पोलिसांना फोन लावल्यातला प्रकार) आणि ग्लुटाथायोनचे तुकडे एकापुढं एक जोडून साखळी तयार करतं. ह्या साखळीला म्हणतात फायटोकेलेटिन. झाडांमधली ही साखळी १९८५ साली जर्मनीत ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी शोधली. साखळीतली गंधकं कॅडमियमला सगळीकडनं धरून ठेवतात आणि मग ते सगळं रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाणी भरलेल्या पिशवीत, ढकललं जातं. रिक्तिकेच्या पडद्यावर त्यासाठी पंप असतात, ऊर्जा खर्च करून चालणारे. वाढलेल्या पेशीत ऐंशी-नव्वद टक्के जागा ह्या रिक्तिकेनंच व्यापलेली असते, आणि पेशीची नाजूक कामं, म्हणजे प्रकाशसंश्लेषण म्हणा श्वसन म्हणा, सगळी तिच्या बाहेर चालतात. त्यामुळे आत कोंडलेला धातू झाडाला त्रास देत नाही.

आता आकडे बघा म्हणजे सासूबाईंना पटेल. पानात सुक्या वजनावर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम कॅडमियम साठलं की बऱ्याच पिकांची पानं पिवळी पडायला लागतात, वाढ खुंटते. आणि खाण्याच्या बाबतीत कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, पालेभाजीसाठी मर्यादा आहे ताज्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम. पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणजे सुक्या वजनावर हीच मर्यादा साधारण २ मिलिग्रॅम होते. म्हणजे २ आणि ५ च्या मधला जो पालक आहे तो दिसायला एकदम भारी आणि खायला नापास. शिवाय सांडपाण्यात नत्र, स्फुरद पण असतं की, त्यानं उलट जास्तच तरारतो. हिरवेपणाकडं बघून काहीही कळत नाही.

आपल्याकडं असली सोय आहे का, तर थोडी आहे, आपल्या यकृतात आणि मूत्रपिंडात पण धातू पकडणारी प्रथिनं असतात, पण पकडलेलं कॅडमियम मूत्रपिंडातच बसून राहतं आणि त्यातलं निम्मं बाहेर जायला १० ते ३० वर्षं लागतात. एका जुडीनं काही होत नाही, रोजच्या खाण्यानं होतं.

करायचं काय? शिशाचा मोठा भाग पानावर बसलेल्या धुळीतनं येतो, तो तीन-चार पाण्यानं धुतला तर बराच जातो. कॅडमियम पानाच्या आत आहे, ते धुऊन जाणार नाही, शिजवून तर अजिबातच नाही. सर्वसाधारणपणे मुळात सगळ्यात जास्त, मग पानात, मग फळात, बियांत सगळ्यात कमी असा उतरता क्रम असतो, म्हणून त्या ओढ्यावरचा माणूस पालकाऐवजी चवळी, घेवडा, टोमॅटो करायला लागला तरी धोका पुष्कळ कमी होईल. तुम्ही मात्र सध्या पालक दुसरीकडनं घ्या आणि त्या माणसाशी भांडू नका, पाणी त्यानं काळं केलेलं नाही.

प्रश्न : सगळीच झाडं हे करतात की काही स्पेशल असतात? ह्यात चॅम्पियन कोण? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : भावा, थोडंफार सगळीच करतात. पण बहुतेक झाडांचा कल धातूला मुळातच अडवून ठेवायचा असतो, वर जाऊ द्यायचं नाही. काही मोजकी झाडं बरोब्बर उलटं करतात, मुळातनं उचलून पटापट पानात नेतात आणि पानात नुसता साठा. निकेल किलोला १ ग्रॅमच्या वर, कॅडमियम १०० मिलिग्रॅमच्या वर साठवलं की ते झाड ह्या क्लबात. आत्तापर्यंत अशा सातशेच्या वर जाती सापडल्यात, त्यातल्या पाचशेच्या वर एकट्या निकेलच्या.

चॅम्पियन विचारशील तर माझं मत न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नँड्रा अक्युमिनाटा ह्या झाडाला. बुंध्याला चीर दिली की चीक निघतो तो निळसर हिरवा, कारण वाळलेल्या चिकात २५ टक्क्यांपर्यंत निकेल! १९७६ साली झाफ्रे आणि मंडळींनी हे छापलं. मलेशियाच्या सबामध्ये तर आपल्या आवळ्याच्या भावकीतलंच एक झुडूप आहे, फायलँथस रुफुसचॅनीयाय, त्याच्या वाळलेल्या पानात किलोला २० ग्रॅमच्या वर निकेल सापडतं. हे नाव रुफस चॅनी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञावरनं ठेवलंय, झाडं लावून जमिनीतनं धातूचं पीक काढता येईल ही कल्पना त्यानं १९८० च्या दशकातच मांडली होती. पानं जाळायची आणि राखेतनं निकेल काढायचं, अल्बानियात त्याचे प्रयोग झालेत पण.

हे झाड लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. जुन्या चुन्यात बांधलेल्या भिंती, विहिरीचे कठडे, मोऱ्या इथं एक नेचा उगवतो, टेरिस व्हिटाटा. लांब पानाला दोन्ही बाजूंनी अरुंद पट्ट्यांसारख्या पर्णिका, टोकाची पर्णिका सगळ्यात लांब, आणि पान उलटं केलं की प्रत्येक पट्टीच्या कडेनं तपकिरी रेघ दिसते, ते बीजाणू. आपल्याकडं सर्रास दिसतो, कोणी ढुंकून बघत नाही. तर २००१ साली फ्लोरिडात एका जुन्या लाकूड-प्रक्रियेच्या जागी, जिथं लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिकचं रसायन वापरायचे, तिथं लीना मा यांच्या गटाला हा नेचा मजेत वाढलेला सापडला. प्रयोगात ह्यानं सुक्या वजनावर किलोला २० ग्रॅमच्या वर आर्सेनिक पानात भरून दाखवलं. दुसरं एखादं पीक एवढ्यात दहादा मेलं असतं. हा गडी फॉस्फेटच्या दारातनं आर्सेनेट घेतो, त्याचं आर्सेनाइट (आर्सेनिकचंच दुसरं रूप) करतो आणि पानाच्या रिक्तिकेत टाकून मोकळा होतो.

गंमत अशी की ह्या झाडांकडं वेगळी अशी जादूची यंत्रणा नसते, साध्या झाडात असतं तेच, फक्त जास्त. अरॅबिडॉप्सिस हॅलेरी म्हणून युरोपातली मोहरीच्या कुळातली एक छोटी वनस्पती आहे, तिच्यात मुळातनं जस्त-कॅडमियम वर चढवणाऱ्या पंपाच्या जनुकाच्या एकाच्या जागी तीन प्रती आहेत आणि त्या चालतात पण जोरात. २००८ मध्ये हे दाखवलं गेलं. तुझा पुढचा प्रश्न असणार की एवढा उपद्व्याप कशाला? सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण म्हणजे अळ्या आणि बुरशी. धातूनं भरलेलं पान अळीला चालत नाही, बऱ्याच प्रयोगांत अळ्यांनी असली पानं सोडून साधी पानं खाल्लीत. सगळ्या झाडांना, सगळ्या किड्यांना हे लागू पडतं असं मात्र नाही, निकेल पचवणारे किडे पण आहेत, ते आरामात बसून खातात.

प्रश्न : आमचा भाग निपाणीच्या शेजारचा, पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू. कृषी प्रदर्शनात एकानं सांगितलं तंबाखूत कॅडमियम असतंय. आम्ही असलं काही टाकत नाही रानात. मग येतंय कुठनं? (शेतकरी, कागल तालुका)

उत्तर : दादा, तुम्ही टाकत नाही हे खरंच आहे. कॅडमियम प्रत्येक मातीत असतंच, किंचितसं. शिवाय स्फुरदाची खतं ज्या खडकापासनं करतात त्या खडकात ते अशुद्धी म्हणून असतं, कुठल्या खाणीचा खडक आहे त्यावर कमीजास्त. युरोपनं तर २०२२ पासनं खतातल्या कॅडमियमवर मर्यादाच घातलीय, एक किलो फॉस्फेटमागं ६० मिलिग्रॅम.

पण खरी गोम पिकात आहे. इतर बरीच पिकं कॅडमियम मुळात अडवतात, तंबाखू ते पानात चढवते, आणि तंबाखूत विकायचा माल म्हणजे पानच. तंबाखूच्या पानावर जी चिकट लव असते ना, पानं खुडताना हाताला काळं चिकट बसतं ती, त्या लवेच्या टोकाच्या पेशींतनं हे झाड कॅडमियम आणि कॅल्शियमचे बारीक स्फटिक बाहेर टाकतं असं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलंय. म्हणजे झाडाला पण ते नकोच असतं. एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम कॅडमियम निघतं. आता हे थोडं वाटेल, पण पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी पाचएक टक्के अंगात शोषलं जातं आणि फुफ्फुसात गेलेल्यापैकी चौथा हिस्सा ते निम्मं. म्हणून ओढणाऱ्यांच्या अंगात न ओढणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास कॅडमियम सापडतं. तंबाखूचे बाकीचे प्रताप तुम्हाला माहीतच आहेत, त्यात ही एक भर.

पीक बदला म्हणून सांगणं मला घरी बसून सोपं आहे, त्यामुळे ते सांगत नाही. पण त्याच रानात तंबाखूनंतर मेथी-पालक नको, हरभरा-शाळू चालेल.

प्रश्न : रंकाळ्यावर रोज फिरायला जातो. जलपर्णी पाणी शुद्ध करते, धातू शोषते असं वाचलं. मग ती काढायला एवढा खर्च कशाला करतात? राहू दे की. आणि काढलेल्या जलपर्णीचं खत बागेला चालेल का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : सर, वाचलेलं बरोबर आहे पण अर्धं आहे. जलपर्णी उपटून बघितली तर खाली काळपट, पिसासारखी दाट मुळं लोंबत असतात, त्या मुळांना एवढा पृष्ठभाग असतो की पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यांना भराभर चिकटतं, थोडं आत पण जातं, पानात त्यामानानं कमी. इथपर्यंत झकास. पण धातू हा मूलद्रव्य आहे, त्याला झाड मोडू शकत नाही, जाळून पण तो संपत नाही, फक्त जागा बदलते. जलपर्णी तिथंच कुजली की धातू पुन्हा पाण्यात नाहीतर गाळात, वर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाणार ते वेगळंच, मग मासे मरतात आणि आपण नाकाला रुमाल लावून फिरतो. तेव्हा ती वेळेत काढली तरच पाणी स्वच्छ झालं म्हणायचं. राहू दे की, हे चालणार नाही.

खताचं म्हणाल तर जिथं नुसतं घरगुती सांडपाणी येतं तिथल्या जलपर्णीचं खत चांगलं होतं. जिथं रंगकामाचं, मुलामा द्यायच्या कामाचं पाणी येतं किंवा रंगीत मूर्तींचं विसर्जन वर्षानुवर्षं झालंय (रासायनिक रंगांत शिसं, कॅडमियम, क्रोमियम असायचं, आपल्याकडं मूर्तीदान आणि काहिलीतलं विसर्जन रुजलं हे त्यासाठी फार बरं झालं) तिथल्या जलपर्णीचं खत तपासल्याशिवाय भाजीला नको. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा दिलेल्या आहेत, किलोला कॅडमियम ५, शिसं १००, क्रोमियम ५० मिलिग्रॅम, त्याच्या आत असलं तर घाला बिनधास्त. नसलं तर झेंडू, जास्वंद अशा न खायच्या झाडांना. जनावरांपुढं मात्र कुठलीच टाकू नका.

प्रश्न : हळदीत शिसं असतं म्हणे, ते पण मुळातनंच येतं का? हळद तर जमिनीतच वाढते. (गृहिणी, जयसिंगपूर)

उत्तर : शंका रास्त आहे, कंद जमिनीत म्हणजे शिसं जास्त असणार. पण हळदीत जे जास्त शिसं सापडलंय ते बहुतेक वेळा झाडानं घेतलेलं नाहीच, माणसानं घातलेलं आहे. हळकुंडाला पॉलिश करताना रंग झळझळीत दिसावा म्हणून लेड क्रोमेट नावाचा, शिशापासनं केलेला पिवळा रंग फासतात, बांगलादेशात ह्यावर मोठा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये तो गाजला, नंतर तिथं कारवाई पण झाली. घरी बघायला सोपं आहे, हळकुंड पाण्यात टाका, लगेच पिवळा रंग सुटायला लागला तर ते परत करा. अगदीच भगभगीत पिवळ्या हळकुंडाच्या नादाला लागू नका, खरं हळकुंड मातकट दिसतं.

प्रश्न : दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून देतो, पण खरंच कुठल्या झाडाच्या पानात सोनं असतं का? (इयत्ता आठवी, कोल्हापूर)

उत्तर : असतं! ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या भागात निलगिरीच्या पानांत सोन्याचे कण सापडलेत, २०१३ मध्ये. तिथं पाणी फार खोल, म्हणून मुळं तीस-तीस मीटर खाली जातात, खाली सोन्याचा थर आहे, पाण्याबरोबर थोडं सोनं वर येतं आणि झाड ते नकोसं म्हणून पानात टाकून देतं. पण किती, तर अब्जात काही भाग एवढंच, पानं गोळा करून कोणी गुजरीत, सराफाकडं, जाऊ नये. खाणवाले मात्र पानं तपासून खाली सोनं आहे का ते शोधायला बघतात.

प्रश्न : भात सगळ्यात जास्त आर्सेनिक घेतो असं वाचून धक्का बसला. आमच्यात दोन वेळा भातच. आमचा घनसाळ भात पण घेतो का? (आजरा)

उत्तर : घाबरू नका. भाताचं आर्सेनिक हा मुख्यतः बंगाल, बिहार, बांगलादेशाकडचा प्रश्न, कारण तिथं भूजलातच आर्सेनिक आहे आणि त्याच पाण्यानं भात भिजवतात. तुमच्याकडं पावसावरचा भात.

भातच का ते मात्र ऐकण्यासारखं आहे. भाताला वाळूतलं सिलिका भरपूर लागतं (भाताचा पाला हाताला कापतो तो त्यामुळेच) आणि ते घ्यायला त्याच्या मुळांत खास दार आहे. पाणी साठलेल्या खाचरात प्राणवायू नसतो, तिथं आर्सेनिक आर्सेनाइटच्या रूपात सुटतं आणि ते सिलिकाच्या दारातनं बिनदिक्कत आत जातं. २००८ मध्ये जपानच्या जियान फेंग मा यांनी हे सिद्ध केलं. मग खाचर सुकवलं तर? आर्सेनिक कमी होतं, पण कॅडमियम वाढतं! कारण पाणी साठलेलं असताना कॅडमियम गंधकाबरोबर न विरघळणारं होऊन बसतं, वाफसा आला की सुटतं. म्हणजे इकडं आड तिकडं विहीर. कॅडमियमचा भात काय करतो ते जपाननं भोगलंय, तोयामा भागात जिंझू नदीत खाणीचं पाणी यायचं, त्यावरच्या भातानं लोकांची, जास्त करून वयस्क बायकांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसतं हलवलं तरी कळ यायची, 'इताई-इताई' म्हणजे 'दुखतंय-दुखतंय' हेच त्या रोगाचं नाव पडलं. १९६८ साली सरकारनं मान्य केलं की हे प्रदूषणानंच झालंय. नंतर त्याच देशानं २०१२ मध्ये कॅडमियमचं दार बंद असलेलं, कोशिहिकारी वाणाचं भात तयार करून दाखवलं, दाण्यात कॅडमियम जवळजवळ नाहीच. हे दार खरं मँगनीजचं, त्यामुळे त्या भाताला मँगनीज जरा कमी मिळतं, पण उत्पादन फारसं घटलं नाही.

तुमच्याकडं लाल, आम्लधर्मी माती आहे, आणि आम्लधर्मी मातीत कॅडमियम जास्त सुटं होतं, एवढं लक्षात ठेवा. आजूबाजूला कारखाना, खाण नसेल तर घनसाळ निवांत खा, आणि पेज पण प्या. भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून द्यायचा सल्ला आर्सेनिकवाल्या भागासाठी आहे.

प्रश्न : माझं एक एकर रान एमआयडीसीच्या कडेला आहे, मागं काही वर्षं वरचं पाणी रानात शिरायचं. व्हिडिओत बघितलं की मोहरी नाहीतर सूर्यफूल लावलं की जमिनीतले धातू निघून जातात. किती वर्षांत रान स्वच्छ होईल? (कागल तालुका)

उत्तर : व्हिडिओ मी पण बघितलेत, त्यात सूर्यफुलाचं चेर्नोबिलचं उदाहरण असतंच. ते खरं आहे, पण तिथं १९९० च्या दशकात तळ्यावर तराफ्यांवर सूर्यफूल लावून पाण्यातनं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्राँशियम काढलं होतं. पाण्यातनं काढणं सोपं, मातीतनं काढणं महाकठीण.

हिशोबच करू. एक एकरातली वरची २० सेंटीमीटर माती म्हणजे साधारण हजार टन. समजा त्यात किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे, म्हणजे रानात एकूण ५ किलो. आता मोहरी जोरात आली, ४ टन सुका पाला निघाला आणि त्यात किलोला २० मिलिग्रॅम कॅडमियम चढलं असं धरलं, तर एका पिकात निघाले ८० ग्रॅम. ५ वरनं ३ वर यायचं म्हणजे २ किलो काढायचं, म्हणजे पंचवीस पिकं. तेही मोहरी प्रत्येक वेळी तेवढंच ओढेल असं धरून, प्रत्यक्षात मातीतलं कॅडमियम जसं कमी होत जातं तसा पाल्यातला आकडा पण उतरतो. शिसं असेल तर ह्याहून वाईट. शिसं सुटं व्हावं म्हणून काहींनी जमिनीत ईडीटीए (धातूला पकडून पाण्यात विरघळवणारं रसायन) टाकून बघितलं, मोहरीनं घेतलं पण बरंचसं पावसाबरोबर खाली भूजलात गेलं. आपल्याकडच्या पावसात हा उद्योग करू नका.

आणि निघालेला पाला ठेवणार कुठं? शेतात जाळला तर कॅडमियम धुराबरोबर उडतं, गोठ्यात टाकला तर दुधापर्यंतचा रस्ता, उकिरड्यात टाकला तर परत रानात. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही म्हणून माझा जीव जळतो.

त्यापेक्षा धातू आहे तिथंच गप्प बसवणं परवडतं. वाळा लावा बांधाला आणि उताराला, त्याची मुळं खोल जातात, धातू बराचसा मुळातच धरून ठेवतात आणि माती वाहू देत नाहीत. सामू कमी असेल, म्हणजे माती आम्लधर्मी असेल, तर चुना, भरपूर शेणखत, जस्ताची कमतरता असेल तर जस्त, ह्या तिन्हीनं पिकात जाणारं कॅडमियम कमी होतं. काळं, चुनखडीचं रान असेल तर निम्मं काम निसर्गानंच केलंय. पीक फुलांचं घ्या, झेंडू, शेवंती, नाहीतर रोपवाटिका, बांबू.

पण हे सगळं रिपोर्ट आल्यावर. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि फार तर लोह, जस्त, तांबं, मँगनीज एवढं येतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून करून घ्यावं लागतं, मान्यताप्राप्त लॅबमध्ये. नमुना घेताना पाणी शिरायचं त्या बाजूचा एक आणि लांबच्या कोपऱ्यातला एक असे दोन वेगळे घ्या, प्रत्येकी आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती लाकडी पट्टीनं खरवडा, जस्ताच्या पत्र्याची पाटी किंवा रंग उडालेलं घमेलं वापरू नका, नाहीतर पाटीचंच जस्त रिपोर्टात येईल. माती सावलीत वाळवून प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत भरा. रिपोर्ट आला की फोटो काढून पाठवा, कुठल्या कोपऱ्यात काय लावायचं ते त्यावर बघू.